सात अंशांच्या खाली

परवा पहाटे साडेपाचला द्राक्षबागेतल्या थर्मामीटरवर ७ दिसले. निफाडच्या शिवारात डिसेंबरात हे नवं नाही, पण मण्यांत पाणी उतरायला लागलं की आप्पा, माझे वडील, असल्या रात्री झोपत नाहीत. थंडीनं मणी फुगायचे थांबतात, कधी तडकतात. त्यांनी ठिबक सोडलं, म्हणजे जमीन जरा उबदार राहते, आणि बांधाला काडीकचरा पेटवून धूर केला. मी आणि माझा भाचा शाली गुंडाळून त्या शेकोटीपाशी बसलो होतो.

भाचा मार्चमध्ये जर्मनीत श्टुटगार्टला शिकायला चाललाय. तिकडे जुनी का होईना, पण मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घ्यायची, हे त्याचं अकरावीपासून ठरलेलं आहे. शेकोटीत काडी सारत त्यानं विचारलं, "मावशी, सगळे म्हणतात बर्फात रिअर-व्हील-ड्राइव्ह चालतच नाही. मग तू चार हिवाळे कशी चालवलीस?"

तिथे त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गंगापूर रोडच्या घरी परतल्यावर वाटलं, नीट लिहूनच काढावं. तो वाचेल, आणि दर डिसेंबरला मनालीला निघणारे आमच्या सोसायटीतले लोकही वाचतील.

मी तिकडेच रॉइटलिंगेनच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि राहायला वर एंगस्टिंगेनला. ते गाव श्वेबिश आल्बच्या पठारावर, साधारण ७०० मीटर उंचीवर. नाशिकही ६०० च्या आसपास, म्हणजे उंचीत फार फरक नाही, पण हिवाळा पूर्ण वेगळा. रोज सकाळी होनाउचा घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. एका बाजूला जंगल, डोक्यावर कड्याच्या टोकाला लिश्टेनश्टाइनचा किल्ला. २०१५ च्या उन्हाळ्यात मी माझ्या पैशानं पहिली गाडी घेतली: माझदा एमएक्स-५, २००६ ची, १.८ लिटर, १२६ अश्वशक्ती, दोन सीट, कापडी छत. वजन सुमारे ११०० किलो, पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना.

ऑफिसातल्या प्रत्येकानं एकच सल्ला दिला, की ती हिवाळ्यात झाकून ठेव. जर्मनीत त्यासाठी वेगळी नंबरप्लेटच मिळते. तिच्या उजव्या कडेला महिने छापलेले असतात, ०४ वर आणि १० खाली, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रस्त्यावर. विमा आणि कर तेवढ्याच महिन्यांचा. पण माझ्याकडे दुसरी गाडी नव्हती, गॅरेज नव्हतं, आणि पहिली बस पोचेपर्यंत माझी शिफ्ट सुरू झालेली असायची. शिवाय, खरं सांगते, ती गाडी पाच महिने ताडपत्रीखाली ठेवायला माझं मन तयार नव्हतं.

तर तो सातचा आकडा. उन्हाळी टायरचं रबर हवा ७ अंशांच्या खाली गेली की कडक व्हायला लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते, बर्फ लागतच नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक गुटीवर, म्हणजे रबराच्या उठावावर, ब्लेडनं मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. गुटी रस्त्यावर टेकली की चिरा उघडतात आणि बर्फाला धरतात. खाचांत बर्फ भरून राहतो तोही कामाचा असतो. ओल्या बर्फाचा गोळा हातात दाबला की लाडवासारखा वळला जातो, कारण बर्फाला बर्फ धरतो. टायर आणि रस्त्याच्या मध्ये तेच होतं.

असे टायर ओळखायचे ते बाजूवरच्या चिन्हावरून: तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. जर्मनीत तारीख ठरवून सक्ती नाही. पण रस्त्यावर बर्फ, निसरडं किंवा हिम असताना हे टायर नसतील तर ६० युरो दंड, आणि तुमच्यामुळे वाहतूक अडली तर ८०. लोकांचा हिशोब सोपा आहे, 'ओ ते ओ', ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. कायद्याला टायरची खाच १.६ मिलिमीटर खोल असली तरी पुरते. बर्फात ४ च्या खाली गेलेला टायर मी तरी वापरणार नाही.

मी १७ इंची रिम काढून १६ इंची बसवले, २०५/५० या मापाचे हिवाळी टायर घेतले आणि त्यांच्यावर गाडीसाठी ठेवलेले सगळे पैसे खर्च केले. तू पण तेच कर. ५००० युरोंची गाडी बघितली असशील तर ४२०० ची बघ आणि उरलेले टायरला ठेव. मला या सगळ्या विषयातलं एकच सांगायचं असेल तर ते हे.

आता मागच्या चाकांचं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर बसलेलं असतं, म्हणून ती बर्फातून सहज निघते. माझ्या गाडीत मागच्या चाकांवर निम्मंच वजन. पहिला गिअर टाकून निघायला गेलं की चाक जागच्या जागी फिरायचं आणि खालचा बर्फ घासून चकचकीत करून ठेवायचं, म्हणजे पुढचा प्रयत्न आणखी अवघड. मी दुसऱ्या गिअरमध्ये निघायला शिकले. क्लच अगदी सावकाश सोडायचा, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवल्यासारखा, दाबल्यासारखा नाही. अडकलोच तर चाक फिरवत बसायचं नाही. उतरायचं, चाकापुढचा बर्फ फावड्यानं काढायचा, रस्त्याकडेच्या पेटीतली बारीक खडी टाकायची. नव्या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, असतं, ते चाक घसरताच ताकद तोडतं. तेव्हा रुतलेली गाडी काढण्यापुरतं ते बटण दाबून बंद करायचं आणि निघाल्यावर लगेच चालू.

डिकीत वजन ठेवायचा सल्लाही सगळे देतात. मला तो नवा नव्हता. आप्पांची प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवरच चालायची, आणि जुलैत शेतरस्त्याच्या काळ्या चिखलातून ती काढायची असली की ते डिकीत युरियाच्या दोन गोण्या टाकायचे. तेव्हा गोणी ५० किलोची होती. मी त्याच रस्त्यावर, त्याच गाडीवर, स्टेअरिंगच्या दांडीवरचा तो गिअर धडपडून टाकत शिकले. म्हणून एंगस्टिंगेनला मीही वाळूच्या दोन पिशव्या आणल्या. निघायला थोडा फायदा झाला, पण वळणावर शेपूट जड वाटायला लागली. डिकीतलं वजन मागच्या आसाच्याही मागे पडतं. एकदा मागचा भाग सरकायला लागला की तेच वजन त्याला आणखी बाहेर फेकतं. पद्मिनीला चिखलात ताशी दहाच्या वेगानं ते जाणवायचं नाही. मी आठवड्यात पिशव्या काढल्या. रिकाम्या पिकअपला त्या हव्यात, निम्मं निम्मं वजन असलेल्या गाडीला मला गरज वाटली नाही.

जानेवारी २०१७ मधली एक सकाळ. सव्वासात वाजले होते, अजून अंधार. बर्फ काढणारं वाहन पुढे गेलेलं, त्याच्यामागे बोटभर ताजा थर पडलेला. मी तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या आसपास, घाट उतरत होते. डावं वळण आलं आणि वेग जास्त वाटला. अशा वेळी माझ्या हातापायांना एकच वाक्य पाठ होतं, कसाऱ्याच्या घाटातलं. इगतपुरी सोडून खाली उतरताना आप्पा प्रत्येक वेळी म्हणायचे, "ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात." मी दुसरा टाकला आणि क्लच सोडला.

इंजिन गाडीला आवरतं ते चालत्या चाकांतून, म्हणजे ज्यांना त्याची ताकद मिळते त्या चाकांतून. माझी चालती चाकं मागची. कोरड्या घाटात त्यानं काही बिघडत नाही. पण इथे क्लच सुटला आणि फक्त मागची दोन चाकं एकदम मंदावली, जवळजवळ थांबली. हँडब्रेक ओढल्यासारखंच झालं. टायरकडे पकडीची एकच ओंजळ असते. ती सगळी वेग मारण्यात गेली तर वळणासाठी काही उरत नाही. मागचा भाग उजवीकडे सटकला. डोळ्यांना कळायच्या आधी ते मला कमरेत कळलं. एमएक्स-५ मध्ये आपण जवळजवळ मागच्या आसावरच बसलेलो असतो. त्या गाडीत ईएसपी नव्हतं. युरोपात सगळ्या नव्या गाड्यांना ते २०१४ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालं, माझी त्याआधीची.

गाडीचं नाक समोरून येणाऱ्या लेनकडे वळलं होतं. मी क्लच दाबला. एवढी एक गोष्ट बरोबर केली. चाकं मोकळी झाली, फिरायला लागली, आणि फिरणारं चाकच बाजूला धरू शकतं. स्टेअरिंग उजवीकडे दिलं, जिकडे जायचं तिकडे. शेपूट परत आली, पण मी स्टेअरिंग सरळ करायला अर्धा क्षण उशीर केला आणि ती दुसऱ्या बाजूला गेली. मग उजव्या कडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात नाक घुसलं आणि आम्ही थांबलो. समोरून कोणी येत नव्हतं. नंबरप्लेट वाकली, बाकी काही नाही. इंजिन बंद केलं तेव्हा माझे गुडघे थरथरत होते.

खाली होनाउला पोचून आप्पांना फोन लावला. नाशकात तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते, ते बागेत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिअर कुठं टाकलास?"

"वळणाच्या तोंडावर."

"मग तिथंच चुकलं. घाट सुरू व्हायच्या आधी टाकायचा, वर सपाटीला. आपण इगतपुरीतनं निघालो की मी कुठं टाकायचो, बघितलं नाहीस का कधी?"

मी शंभर वेळा त्यांच्या शेजारी बसून तो घाट उतरले होते. वाक्य लक्षात राहिलं होतं, जागा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एंगस्टिंगेनच्या शेवटच्या सपाट तुकड्यावर दुसरा टाकायला लागले. टाकताना ॲक्सिलरेटरवर हलका झटका देऊन इंजिनाचे फेरे आधी चाकांच्या वेगाला आणायचे, मग क्लच सोडायचा, म्हणजे मागच्या चाकांना धक्का बसत नाही. नंतर घाटभर पंचवीस-तीस. मागे रांग लागली तर लागू द्यायची, जागा मिळाली की बाजूला घेऊन वाट द्यायची.

त्याच महिन्यात आ-डे-आ-त्से या तिथल्या मोटार क्लबच्या सुरक्षित ड्रायव्हिंगच्या एका दिवसाच्या वर्गाला गेले. पाणी सोडलेला गुळगुळीत पट्टा असतो, त्याच्या आधी जमिनीत बसवलेली हलती प्लेट. मागची चाकं तिच्यावर आली की ती बाजूला झटका देते आणि गाडी फिरते. सकाळपासून दुपारपर्यंत मी बहुतेक दर वेळी गोल फिरले. शिकवणारा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: घाबरून समोरच्या खांबाकडे बघितलं तर हात गाडीला खांबाकडेच नेतात, रस्त्याच्या मोकळ्या टोकाकडे बघा. चारच्या सुमाराला हातांना ते उमगलं. तू पहिल्या पगाराची वाट बघू नकोस, पैसे मी पाठवते, पण हिवाळ्याआधी तो दिवस करून घे.

तिथेच मला कळलं की आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारतो. गाडी निघेल का, चढेल का, असं विचारतो. थांबेल का, हे कोणी विचारत नाही. आणि थांबताना कुठली चाकं चालती आहेत याला फार अर्थ राहत नाही, ब्रेक चारही चाकांना असतात. हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. ताशी ५० च्या वेगानं जाताना कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १२ मीटरवर थांबते. दाबलेल्या बर्फावर ०.२ धरा, म्हणजे ५० मीटर. नुसत्या गोठलेल्या पाण्यावर ०.१, म्हणजे १०० मीटर. यात आपला विचार करायचा वेळ धरलेला नाही, आणि त्या एका सेकंदात १४ मीटर जातात. आल्बवर दर मोठ्या हिमवर्षावानंतर खड्ड्यात उतरलेल्या गाड्यांत मला फोर-व्हील-ड्राइव्ह दिसायच्याच. त्या निघाल्या सहज, म्हणून वेगात गेल्या. माझी गाडी निघतानाच चाक फिरवून सांगायची की आज रस्ता कसा आहे. त्या सांगण्याचा मला चार वर्षं उपयोग झाला.

बारीकसारीक बाकीचं. रात्री गाडी गिअरमध्ये लावून ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही, ओली केबल गोठली की सकाळी चाक सुटत नाही. दारांच्या रबराला ग्लिसरीन लावायचं. कापडी छतावरचा बर्फ मऊ झाडूनं काढायचा, खरवडणीनं कधीच नाही. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंडी लागते, त्याआधीचा रस्ता ओला दिसला तरी पुलावर पाय हलका. आणि मीठ. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फ वितळवतं आणि गाडीचा तळ खातं. दर शनिवारी मी तळ धुऊन घ्यायचे, तरी चौथ्या हिवाळ्यात मागच्या चाकांवरच्या पत्र्याला गंज दिसला. गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला तो आधी दाखवला.

मनालीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. अटल बोगद्याच्या तोंडाशी गाड्या एकमेकींवर घसरत जातानाचे व्हिडिओ दर हिवाळ्यात आपल्याकडे फिरतात, आणि लोक म्हणतात, थार नेली असती तर. थार आपल्या नाशकातच बनते, मलाही तिचं कौतुक आहे. पण २०२३ मध्ये आलेली टू-व्हील-ड्राइव्ह थार मागच्याच चाकांवर चालते, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी उतारावर ती त्याच उन्हाळी टायरवर थांबणार आहे. साखळ्या घ्या, त्या चालत्या चाकांना लावायच्या असतात, आणि लावायची सवय इथे अंगणात, हात गरम असताना करून घ्या. रस्त्यावर बर्फ असेल तर स्थानिक ड्रायव्हरची गाडी घ्या. मुलं मागे बसलेली असताना शिकायची ती जागा नाही.

काल रविवारी परत शेतावर गेलो. पद्मिनी कधीच विकली, पण आप्पांची ओम्नी अजून आहे, फवारणीची औषधं आणि क्रेट वाहायला. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि चालती चाकं मागची, त्यामुळे रिकामी असली की मागून हलकी. जेवण झाल्यावर आप्पा काही न बोलता उठले, ट्रॅक्टर काढला आणि फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीतलं सगळं साधं पाणी खळ्यावर सोडून दिलं. काळ्या मातीचा वरचा थर दहा मिनिटांत साबणासारखा झाला.

"बस," ते भाच्याला म्हणाले आणि स्वतः शेजारी बसले. मी बांधावर उभी राहिले.

पहिल्यांदा त्यानं पहिला गिअर टाकून रेटलं, मागची चाकं फिरली, चिखल उडाला, गाडी जागेवरच. दुसऱ्यांदा दुसऱ्या गिअरमध्ये निघाली. खळ्याच्या टोकाला त्यानं वळवली आणि मध्येच ॲक्सिलरेटर सोडून दिला. ओम्नीची शेपूट हळूच बाहेर आली. त्याचं डोकं खळ्याकडेच्या कडुनिंबाकडे वळलेलं मला इथून दिसलं. गाडी अर्धी फिरून तोंड आमच्याकडे करून थांबली, झाडापासून बरीच लांब.

आप्पा उतरले. धोतराचा सोगा वर धरून चिखलातल्या खुणा बघत मागे चालत गेले, जिथून चाकं आडवी घासायला लागली होती तिथे थांबले आणि काठी रोवली.

"इथनं पुढं झाडाकडं बघायचं नाही," ते म्हणाले. "परत घे."